हायस्कूलमध्ये परकीय भाषा किती वर्षे शिकावी?

प्रश्न : आम्ही गेली अकरा वर्षे कॅलिफोर्नियात फ्रीमाँट येथे राहतो. माझा मुलगा दहावीत आहे. सातवी आणि आठवी मिळून त्याने स्पॅनिशची पहिली पातळी पूर्ण केली, नववीत दुसरी झाली आणि सध्या तिसरी चालू आहे. त्याला अभियांत्रिकीकडे जायचे असल्यामुळे पुढच्या वर्षी स्पॅनिश सोडून एपी संगणकशास्त्र (एपी म्हणजे हायस्कूलमध्येच घेता येणारा महाविद्यालयीन पातळीचा अभ्यासक्रम) घ्यावे असे त्याच्या मनात आहे. महाविद्यालये परकीय भाषेची नेमकी किती वर्षे मागतात? मिडल स्कूलमधला अभ्यास त्यात धरतात का? तो दर रविवारी मराठी शाळेतही जातो. त्या मराठीचा येथे काही उपयोग होतो का?
– एक आई, फ्रीमाँट

उत्तर : पालकांशी बोलताना मला नेहमी जाणवते की तीन वेगवेगळे आकडे एकमेकांत मिसळले जातात : हायस्कूल उत्तीर्ण होण्यासाठी लागणारी वर्षे, प्रवेशाला पात्र ठरण्यासाठी लागणारी वर्षे आणि चुरशीच्या प्रवेशात अर्ज वजनदार दिसावा म्हणून अपेक्षित असलेली वर्षे. कॅलिफोर्निया राज्याच्या किमान अटीप्रमाणे हायस्कूल पूर्ण करण्यासाठी कला, परकीय भाषा किंवा व्यवसाय-शिक्षण यांपैकी कोणत्याही एकाचे एक वर्ष पुरते. म्हणजे एकही परकीय भाषा न शिकता मुलाच्या हाती हायस्कूलचे प्रमाणपत्र पडू शकते, आणि तरीही कॅलिफोर्निया विद्यापीठाचे, म्हणजे आपण ज्याला यूसी म्हणतो त्याचे, दार त्याच्यासाठी बंद राहू शकते. ही गोष्ट बारावीच्या उंबरठ्यावर कळली तर फार उशीर झालेला असतो, म्हणून तुम्ही दहावीतच विचारलेत याचे मला मनापासून समाधान वाटते.

यूसीच्या प्रवेशासाठी ‘ए’ ते ‘जी’ अशा सात गटांतले मिळून पंधरा वार्षिक अभ्यासक्रम लागतात. त्यातला ‘ई’ गट इंग्रजीव्यतिरिक्त भाषेचा आहे. एकाच भाषेची दोन वर्षे ही अट आहे आणि तीन वर्षे ही शिफारस आहे. राज्याची दुसरी सरकारी विद्यापीठसंस्था, कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी, हीही दोनच वर्षे मागते. ‘एकाच भाषेची’ हे शब्द महत्त्वाचे आहेत, कारण एक वर्ष स्पॅनिश आणि एक वर्ष फ्रेंच केल्याने ही अट पुरी होत नाही.

आता मिडल स्कूलविषयी. यूसी शाळेत घालवलेल्या वर्षांपेक्षा गाठलेली पातळी मोजते. तुमच्या मुलाच्या गुणपत्रकावर सातवीसमोर ‘स्पॅनिश १ अ’ आणि आठवीसमोर ‘स्पॅनिश १ ब’ असे लिहिलेले असेल, तर त्या दोन ओळी मिळून एकच वर्ष होते. ते गुण यूसीच्या सरासरीत येत नाहीत, पण वर्ष मात्र धरले जाते. भाषेच्या बाबतीत वरची पातळी खालच्या पातळीची खात्री देते असा नियम आहे. त्यामुळे तिसरी पातळी ‘सी’ किंवा त्याहून चांगल्या श्रेणीत पूर्ण झाली की आधीच्या दोन्ही पातळ्या पूर्ण झाल्या असे मानतात. म्हणजेच येत्या जूनमध्ये तुमच्या मुलाची यूसीची अटच नव्हे, तर शिफारसही पूर्ण झालेली असेल.

खासगी महाविद्यालयांचे चित्र निराळे आहे. हार्वर्ड आणि प्रिन्स्टन एकाच परकीय भाषेची चार वर्षे सुचवतात, स्टॅनफर्ड तीन किंवा अधिक वर्षे सुचवते, तर एमआयटी दोनच वर्षे सुचवते. या सगळ्या शिफारसी आहेत; चार वर्षे नसली म्हणून अर्ज परत पाठवला जात नाही. तरीही शाळेत उपलब्ध असलेला विषय मुलाने मध्येच का सोडला, हा प्रश्न अर्ज वाचणाऱ्याच्या मनात उभा राहतो, आणि त्याचे उत्तर त्या कागदावरच्या इतर विषयांतून मिळाले पाहिजे. स्पॅनिश सोडून कॅल्क्युलस किंवा भौतिकशास्त्राचा अवघड अभ्यासक्रम घेतलेला दिसला तर ते उत्तर मिळते. मोकळा तास घेतलेला दिसला तर मिळत नाही.

तुमच्या मुलापुढचा पेच खरा आहे, कारण दिवसाला सहा-सात तासच असतात. मात्र कॅलिफोर्नियात संगणकशास्त्र भाषेच्या गटात मोजले जात नाही, हे त्याला सांगून ठेवा. जॉर्जिया राज्याच्या सरकारी विद्यापीठांमध्ये दोन वर्षांच्या परकीय भाषेऐवजी संगणकशास्त्र चालते आणि ते ऐकून इकडची मुलेही तसाच समज करून घेतात. माझे मत विचाराल तर त्याने चौथी पातळी करावी, आणि जमल्यास बारावीत एपी स्पॅनिशची परीक्षा द्यावी. तीन वर्षांत भाषेचे व्याकरण हाती येते, पण त्या भाषेतले वर्तमानपत्र शब्दकोशाशिवाय वाचण्याचा आनंद चौथ्या वर्षीच मिळू लागतो. नेमक्या त्या वळणावर मुले भाषा सोडतात याचे मला वाईट वाटते. अकरावीचे वेळापत्रक खरोखरच भरलेले असेल तर कम्युनिटी कॉलेजचा, म्हणजे गावातल्या दोन वर्षांच्या सरकारी महाविद्यालयाचा, उन्हाळी वर्ग हा एक चांगला मार्ग आहे, कारण तेथील एका सत्राचा पूर्ण अभ्यासक्रम यूसी हायस्कूलच्या एका वर्षाइतका धरते. असा वर्ग घेण्यापूर्वी शाळेच्या कौन्सेलरची लेखी संमती घ्यावी.

मराठीविषयी मला थोडे सविस्तर लिहायचे आहे. एपीच्या भाषांमध्ये स्पॅनिश, फ्रेंच, जर्मन, इटालियन, चिनी, जपानी आणि लॅटिन आहेत. मराठी नाही आणि हिंदीही नाही. म्हणून मराठीची नोंद दुसऱ्या वाटेने करून घ्यावी लागते. अमेरिकेत अनेक शहरांतल्या महाराष्ट्र मंडळांच्या मराठी शाळा वर्षानुवर्षे चालू आहेत आणि काही स्कूल डिस्ट्रिक्ट (त्या-त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या संस्था) त्या अभ्यासाला हायस्कूलचे क्रेडिट देतात. ते क्रेडिट आपोआप मिळत नाही. पालकांना अर्ज करावा लागतो, मराठी शाळेचा अभ्यासक्रम दाखवावा लागतो आणि बहुतेक वेळा परीक्षाही द्यावी लागते. यूसीच्या नियमांतही, दुसरा कोणताच मार्ग नसेल तर, हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी विद्यार्थ्याचे भाषेवरचे प्रभुत्व प्रमाणित करण्याची सोय आहे. यांपैकी कोणतीही वाट धरली तरी मराठी हा शब्द ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे हायस्कूलच्या अधिकृत गुणपत्रकावर, आला पाहिजे. तो तेथे नसेल तर दहा वर्षांचे रविवार प्रवेश-कार्यालयाला दिसत नाहीत.

याशिवाय ‘सील ऑफ बायलिटरसी’ हा सन्मान आहे. तो देणारे कॅलिफोर्निया हे पहिले राज्य आणि त्याचा कायदा 2011 सालचा आहे. हायस्कूल पूर्ण करताना इंग्रजीबरोबर आणखी एका भाषेवर प्रभुत्व असल्याचे सिद्ध केले की हे मानचिन्ह प्रमाणपत्रावर लागते, आणि ती दुसरी भाषा मराठी असू शकते. येथे एक सावधगिरी सांगते. या परीक्षेची तयारी करणारी एक मुलगी काही वर्षांपूर्वी माझ्याकडे आली होती. ती आजीशी तासन्‌तास बोलत असे आणि तिचे मराठी ऐकताना ती कॅलिफोर्नियातल्या मिलपिटासला वाढली आहे हे खरे वाटत नसे. मी तिला ‘माझी शाळा’ या विषयावर पाच ओळी संगणकावर लिहायला सांगितल्या. ‘विज्ञान’ या शब्दापाशी ती थांबली. ‘ज्ञ’ कोणत्या कळांनी उमटतो हे तिला माहीत नव्हते आणि कागदावर लिहितानाही तिने ‘विद्न्यान’ असे लिहिले. बोलणे, ऐकणे, वाचणे आणि लिहिणे या चारही अंगांची परीक्षा होते, तेव्हा घरातल्या बोलण्यावर विसंबून राहू नये. तिने पुढचे चार महिने रोज आजीला देवनागरीत एक निरोप टंकून पाठवला. आजी प्रत्येक निरोपातल्या चुका दुरुस्त करून तो परत पाठवीत असे.

मराठीची नोंद झाली म्हणून स्पॅनिश सोडण्याची घाई मात्र करू नका. शाळेतल्या वर्गात मिळालेली श्रेणी आणि घरातून आलेली भाषा या दोन्हींचे मोल प्रवेशाच्या वेळी वेगवेगळे असते, आणि तुमच्या मुलाकडे दोन्ही आहेत.

प्रश्न : माझी मुलगी पुण्यात राज्य मंडळाच्या इंग्रजी माध्यमाच्या शाळेत दहावीला आहे. तिला पुढे अमेरिकेत शिकायचे आहे. अकरावी विज्ञानाला बायफोकल (व्यावसायिक) विषय घेतला तर दुसरी भाषा सुटते. त्याने अडचण येईल का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : अडचण येण्याचे कारण नाही. अमेरिकेतली महाविद्यालये परदेशी विद्यार्थ्याचा अर्ज त्याच्या देशातल्या शिक्षणपद्धतीच्या चौकटीत वाचतात. यूसीची अट ‘इंग्रजीव्यतिरिक्त भाषा’ अशी आहे, तेव्हा तुमच्या मुलीने नववी-दहावीत शिकलेली मराठी त्यात बसते आणि हिंदीही बसते. आपल्या घरची भाषा ‘परकीय’ कशी म्हणावी, या संकोचापायी अर्जात ती लिहायचीच राहून गेलेली मी पाहिली आहे. असे करू नये. दोन्ही भाषा, दोन्ही वर्षांचे गुण आणि मंडळाचे नाव अर्जात स्पष्ट लिहावे.

जर्मन किंवा फ्रेंचमध्ये गुण भरपूर मिळतात म्हणून ती भाषा अकरावीत नव्याने घेण्याचा सल्ला तिला मिळेल. जर्मन शिकण्याची तिची स्वतःची ओढ असेल तर अवश्य घ्यावी. केवळ अमेरिकेतल्या प्रवेशासाठी घ्यायची असेल तर मी नको म्हणेन, कारण दहा वर्षे शिकलेली मराठी दोन वर्षांच्या नव्या भाषेपेक्षा तिच्याविषयी अधिक सांगते. नववी आणि दहावीची शाळेची मूळ गुणपत्रके मात्र आताच जपून ठेवा. अर्जाच्या वेळी नववी ते बारावी अशा चारही वर्षांचे गुण मागतात, आणि दहावीनंतर शाळा बदललेल्या मुलांची पहिली धावपळ नववीच्या गुणपत्रकासाठीच होते.