छोटं विमान दहाच मिनिटं उभं करायचं असेल तरी बांधायलाच हवं का? किती वाऱ्याला धोका सुरू होतो?

बांधायलाच हवं. खरं तर मी उत्तर लिहिणार नव्हतो, पण ‘दहाच मिनिटं’ वाचलं आणि राहवलं नाही. या दोन शब्दांपायी माझ्या शिकाऊ दिवसांत एक प्रोपेलर वाकलाय.

तेव्हा माझे उड्डाणाचे वीसेक तास झाले होते. वर पंख असलेलं दोन आसनी विमान एप्रनवर, म्हणजे विमानं उभी करायच्या फरसबंद जागेवर, उभं केलं होतं. मी दोन्ही पंखांचे दोर बांधले आणि शेपटीकडे वळलो, तर सर म्हणाले, “अरे, राहू दे ते. दहा मिनिटांत निघायचंय. कंट्रोल लॉक लावलास ना? झालं तर मग.” (कंट्रोल लॉक म्हणजे पंख-शेपटीवरच्या हलत्या पट्ट्या जागच्या जागी अडकवणारी खीळ.) सरांचे तास माझ्या शंभरपट. मी दोर तिथंच टाकला आणि त्यांच्यामागोमाग सावलीत गेलो.

विमानाच्या मागच्या बाजूला एक काळा ढग होता. बराच लांब, आणि पावसाचा तर थेंब नव्हता. ढगातून खाली कोसळलेली थंड हवा जमिनीवर पसरत पावसाच्या कितीतरी पुढे धावते, हे मी परीक्षेत आकृती काढून लिहिलं होतं. प्रत्यक्षात आधी वारा साफ पडला. मग विंडसॉक, म्हणजे वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी पिशवी, गर्रकन फिरली आणि धुळीचा लोट आला. वारा शेपटीखाली शिरला तसा पुढच्या चाकाचा चकचकीत दांडा आत दबत दबत दिसेनासा झाला. शेपूट वर गेलं आणि प्रोपेलरचं पातं काँक्रीटवर टेकलं. आवाज फार मोठा नव्हता. झोत सरला तेव्हा शेपूट दाणकन खाली आलं, तो आवाज मात्र मोठा होता.

मी शेपूट धरायला धावलो होतो. सरांनी मला कॉलरला धरून मागे खेचलं, आणि तेवढ्यापुरते त्यांचे उपकार आहेत. उचललं जाणारं विमान हातानं थोपवता येत नाही, त्याच्या खाली मात्र सापडता येतं.

प्रोपेलर असा वाकला की इंजिन बंद होतं की चालू याला अर्थ उरत नाही, ते तपासावंच लागतं. विमान कित्येक आठवडे जमिनीवर राहिलं. अहवालात कारण लिहिलं गेलं: शिकाऊ वैमानिकाने शेपूट बांधले नाही. सर त्यावर काही बोलले नाहीत.

बोलले ते नंतर, चहा पिताना, आणि पुढे वर्षानुवर्षं बोलत राहिले. त्यांचं म्हणणं असं की जितकं जास्त बांधाल तितकं सोडायला विसराल. दाखला ठरलेला: ३० ऑक्टोबर १९३५, अमेरिकेतलं राइट फील्ड, बोइंग मॉडेल २९९ हे बॉम्बर विमान. एलिव्हेटरचा, म्हणजे नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या पट्टीचा, लॉक काढायचा राहिला, विमान उडालं, नाक वर जात राहिलं आणि कोसळलं. दोन वैमानिक गेले. गोष्ट शंभर टक्के खरी. पण त्या अपघातानंतर लोकांनी लॉक लावणं सोडलं नाही, चेकलिस्ट वापरायला सुरुवात केली! सर, विसरण्यावर उपाय यादी आहे, दोर न बांधणं नव्हे. आणि कंट्रोल लॉक विमानाला धरून ठेवत नाही. तो एलेरॉन (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या), एलिव्हेटर यांना वाऱ्यात आपटू देत नाही, म्हणजे बिजागऱ्या, केबल आणि पट्ट्यांची हालचाल अडवणारे स्टॉप वाचतात. बस, तेवढंच त्याचं काम.

आता तुमचा आकडा. एकच आकडा नाही. सेस्ना १७२ उडवताना आपण ५५ नॉटला (ताशी सुमारे १०० किमी) नाक उचलतो. पंखाला काय कळणार की हवा विमानाच्या धावण्यानं आली की वाऱ्यानं? रिकामं विमान साडेसातशे किलोच्या आसपास, म्हणजे त्याला हलकं व्हायला ५५ सुद्धा लागत नाहीत. शिवाय वारा दुप्पट झाला की जोर चौपट होतो. २० नॉटला निवांत उभं असलेलं विमान ४० नॉटच्या झोतात निवांत राहील असं धरून चालू नका. सरासरी वारा बघू नका, झोत बघा.

उभं करताना नाक वाऱ्याकडे, फ्लॅप (पंखामागच्या खाली सोडायच्या झडपा) वर, चाकांना पुढून-मागून चोक म्हणजे अडसर, आणि तिन्ही दोर. तिन्ही! नुसत्या पार्किंग ब्रेकवर विसंबू नका. टॅक्सी करताना, म्हणजे विमान जमिनीवर चालवताना, वारा पुढून तिरका असेल तर योक (विमानाचं स्टिअरिंग) वाऱ्याकडे वळवा. मागून तिरका असेल तर वाऱ्यापासून दूर वळवून पुढे ढकला. हा मागून तिरका येणाराच उलथवतो. दार उघडताना हात सोडू नका, बिजागरी मुरगळते.

हे सगळं मी तीन चाकांच्या, नाकाला चाक असलेल्या विमानांबद्दल लिहिलंय. शेपटीला चाक असलेल्यांचे नखरे वेगळे, त्यांचं त्यांच्या हँडबुकात बघा. हँगर मिळत असेल तर अर्थातच हँगर. आणि हो, ढग मलाही दिसत होता. सर नको म्हणाले तरी मी दोर बांधू शकलो असतो, कोणी हात धरले नव्हते.

दोर बांधताना इंचभर ढील ठेवा. काथ्याचा किंवा तागाचा दोर भिजला की आखडतो आणि पंखाला ओढ बसते. पण फार सैलही नको, नाहीतर विमान हिसका मारतं आणि गाठ सुटते. माझ्या दोन्ही गाठी त्या दिवशी टिकल्या होत्या. अहवालात त्याचा उल्लेख नाही.