आर्मेनिया आणि तुर्कस्तानचं वैर परदेशातले आर्मेनियनच मिटू देत नाहीत, हे खरं आहे का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: भांडण शंभर वर्षांपूर्वीचं, तरीही दोन्ही देशांची सीमा बंद का? आणि अमेरिका-फ्रान्समध्ये सुखात राहणारे आर्मेनियनच ते धुमसत ठेवतात, हे खरं का?

अर्धंच खरं आहे. पण हे अर्धसत्य अंकारातून, म्हणजे तुर्की सरकारकडून, इतकी वर्षं सांगितलं जातंय की ऐकणाऱ्याला ते पूर्ण सत्य वाटायला लागतं.

नोकरीच्या निमित्ताने मी काही काळ लॉस एंजेलिसला लागून असलेल्या ग्लेनडेल शहरात राहिलो. तिथे आर्मेनियन वस्ती एवढी मोठी, की २४ एप्रिलला, १९१५ च्या बळींच्या स्मरणदिनी, शाळांना सुट्टी असते. तिथले सगळे एकाच ठिकाणचे नाहीत. कोणी इराणमधून आलेले, कोणी सोव्हिएत आर्मेनियातून. पण लेबनॉन किंवा सीरियातून आलेल्यांना मूळ गाव विचारलं, की मराश, ऐंताब, खारपूत, व्हान अशी नावं ऐकू येतात. ही सगळी गावं आजच्या तुर्कस्तानात आहेत. म्हणजे ज्याला आपण त्यांचा 'मायदेश' समजतो, त्या येरेवान राजधानी असलेल्या आर्मेनियात त्यांचे पूर्वज कधी राहिलेच नव्हते. हे लक्षात घेतलं की बाकीचा गुंता सुटायला लागतो. बोलीसुद्धा वेगळी: ते बोलतात ती पश्चिमी आर्मेनियन, आणि युनेस्कोने ती धोक्यातल्या भाषांमध्ये नोंदवली आहे.

१९१५ मध्ये, आजच्या तुर्कस्तानच्या जागी ऑटोमन साम्राज्य असताना, काय झालं ते थोडक्यात. २४ एप्रिलच्या रात्री इस्तंबूलमधले आर्मेनियन लेखक, वकील, पत्रकार, पुढारी पकडले गेले. त्यानंतर गावंच्या गावं सीरियाच्या वाळवंटाकडे, देर-एझ-झोरच्या दिशेने हाकलली गेली. पुरुषांना बहुतेक वाटेतच मारलं. बायकामुलं चालून, उपासमारीने आणि साथीच्या रोगांनी मेली. बळींचे अंदाज ६ लाखांपासून १५ लाखांपर्यंत जातात. या विषयाचे बहुतेक अभ्यासक याला वंशसंहार म्हणतात. तुर्कस्तान म्हणतो की युद्धकाळ होता, माणसं दोन्हीकडची मेली, संहाराचा हेतू नव्हता. गंमत म्हणजे युद्ध हरल्यावर खुद्द ऑटोमन सरकारनेच १९१९ मध्ये इस्तंबूलमध्ये खटले चालवले आणि युद्धकाळातला गृहमंत्री, फरार तलात पाशाला गैरहजेरीत फाशीची शिक्षा सुनावली. नंतर केमाल पाशाचं (अतातुर्कचं) राज्य आलं, १९२३ मध्ये तुर्कस्तानशी लोझानचा तह झाला, आणि त्या तहात आर्मेनियाचं नावही उरलं नाही. वाचलेल्यांना परत जायला घर नव्हतं आणि दाद मागायला न्यायालय नव्हतं.

ते गेले कुठे? अलेप्पो, बैरूत, मार्से, पुढे अमेरिका आणि अर्जेंटिना. बैरूतजवळच्या बुर्ज हम्मूदमध्ये दलदलीच्या जागेवर त्यांनी मोहल्ले उभे केले आणि त्यांना नवं मराश, नवं अदाना, नवं सीस अशी नावं दिली. मुसा दाग डोंगरावर १९१५ मध्ये लढून तगलेल्या, फ्रेंच जहाजांनी सोडवलेल्या गावकऱ्यांचं नशीब तर विचित्रच. युद्धानंतर ते घरी परतले, आणि १९३९ मध्ये आपल्या ताब्यातला तो मुलूख फ्रान्सने तुर्कस्तानला देऊन टाकला. मग बहुतेकांनी पुन्हा घर सोडलं आणि लेबनॉनमध्ये अंजर वसवलं. जे हलले नाहीत त्यांचं वकिफली हे तुर्कस्तानातलं शेवटचं आर्मेनियन खेडं. जाता जाता आणखी एक: जेरुसलेममधली चाळीस आर्मेनियन अनाथ मुलं १९२४ मध्ये रास तफारी, म्हणजे पुढचे सम्राट हैले सेलासी, यांनी इथिओपियाला नेली आणि त्यांचा वाद्यवृंद बनवला. त्यांच्या गुरुजींनीच इथिओपियाच्या तेव्हाच्या राष्ट्रगीताची चाल बांधली.

मात्र सगळे आर्मेनियन १९१५ मुळेच पांगले, असंही नाही. इराणच्या शाह अब्बासने १६०४-०५ मध्ये जुल्फा या आर्मेनियन गावच्या व्यापाऱ्यांना उचलून इस्फहानला नेलं आणि तिथून त्यांच्या पेढ्या सुरत, मद्रास, कलकत्त्यापर्यंत पसरल्या. आर्मेनियन भाषेतलं जगातलं पहिलं नियतकालिक १७९४ मध्ये निघालं, तेही मद्रासमध्ये! मुंबईत फोर्ट भागातलं त्यांचं सेंट पीटर्स चर्च १७९६ चं आहे. या व्यापारी शाखेचा तुर्कस्तानशी वाद नाही, आणि वेगळा समाज म्हणून ती आता फार थोडी उरली आहे. तुमचा प्रश्न दुसऱ्या शाखेबद्दल आहे.

आता मूळ मुद्दा. या भांडणात पक्ष दोन नाहीत, तीन आहेत. सुमारे ३० लाखांच्या आणि समुद्रकिनारा नसलेल्या आर्मेनियाला हवी आहे उघडी सीमा, रेल्वे, व्यापार. परदेशस्थांना हवी आहे १९१५ ची कबुली, आणि त्यांच्यातल्या काही पक्षांना जमीनसुद्धा. अंकाराला दोघांची गाठ कधी बांधायची असते, कधी सोडायची असते.

सीमा १९९३ मध्ये बंद झाली, आणि तीही १९१५ वरून नव्हे. अझरबैजानमधल्या, पण आर्मेनियन वस्तीच्या नागोर्नो-काराबाखच्या युद्धात आर्मेनियन फौजांनी अझरबैजानचा केल्बाजार जिल्हा घेतला म्हणून तुर्कस्तानने ती बंद केली. पुढे २००८ मध्ये फुटबॉल सामन्याच्या निमित्ताने तुर्की राष्ट्राध्यक्ष अब्दुल्ला ग्युल येरेवानला आले आणि २००९ च्या ऑक्टोबरात झुरिकमध्ये करारांवर सह्या झाल्या. त्यात आजची सीमा मान्य करणं होतं आणि इतिहास तपासायला समिती होती. परदेशस्थ भडकले. पॅरिस, लॉस एंजेलिस, बैरूत, जिथे जिथे आर्मेनियाचे अध्यक्ष सर्ग्स्यान समजूत घालायला गेले तिथे निदर्शनं झाली. त्यांच्या रागात तथ्य होतं: आपल्या आजीच्या मरणाची चौकशी समितीवर सोपवायला कोण तयार होईल? पण करार त्यांनी मोडला नाही. बाकू, म्हणजे अझरबैजानचं सरकार, नाराज झालं, काराबाखचा प्रश्न सुटल्याशिवाय सीमा उघडणार नाही असं तेव्हाचे तुर्की पंतप्रधान एर्दोगान म्हणाले, आणि तुर्की संसदेने करारांना मंजुरी दिलीच नाही. शेवटी २०१८ मध्ये आर्मेनियाने ते रद्द केले.

कबुलीची मागणी फक्त बाहेरच्यांची आहे, हेही खोटं. १९६५ च्या २४ एप्रिलला, सोव्हिएत राजवटीत, येरेवानच्या रस्त्यांवर प्रचंड जमाव उतरला होता. दोन वर्षांनी तिथे उभं राहिलेलं स्मारक हे त्याचंच फळ.

या सगळ्यात मला सर्वात शहाणा वाटतो तो ह्रांत दिंक. इस्तंबूलमधल्या 'आगोस' साप्ताहिकाचा हा आर्मेनियन संपादक परदेशस्थांना सांगायचा की तुर्कांच्या रागावर आपली ओळख उभारू नका, ते विष रक्तातून काढून टाका. त्या लेखातलं एक वाक्य तोडून तुर्की न्यायालयाने त्याला 'तुर्कत्वाचा अपमान' केल्याबद्दल दोषी ठरवलं. वंशसंहार नाकारणं गुन्हा ठरवणाऱ्या फ्रेंच विधेयकालाही त्याने विरोध केला होता. केमाल पाशाची मानसकन्या, लढाऊ वैमानिक साबिहा ग्योकचेन ही मुळात आर्मेनियन अनाथ मुलगी होती, अशी बातमी आगोसने २००४ मध्ये छापली, तेव्हापासून त्याच्यावरचा रोख वाढला होता. १९ जानेवारी २००७ ला कचेरीसमोर त्याला गोळ्या घातल्या. अंत्ययात्रेत लाखभर माणसं, बहुतेक तुर्क, 'आम्ही सगळे आर्मेनियन' म्हणत चालली. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने २०१० मध्ये निकाल दिला की धोका माहीत असून तुर्कस्तानने त्याला संरक्षण दिलं नाही.

आजची स्थिती? सप्टेंबर २०२३ मध्ये अझरबैजानने काराबाख पूर्ण घेतलं आणि लाखाहून जास्त आर्मेनियन घरं सोडून निघाले. म्हणजे सीमा बंद करण्याचं १९९३ चं कारण संपलं. तरी ती उघडली नाही. फेब्रुवारी २०२३ च्या तुर्कस्तानातल्या भूकंपात मदतीचे आर्मेनियन ट्रक सीमेवरच्या मार्गाराच्या पुलावरून गेले, तीस वर्षांत पहिल्यांदाच, आणि पूल पुन्हा बंद झाला. तिसऱ्या देशाच्या नागरिकांसाठी सीमा उघडायचं २०२२ मध्ये ठरलं होतं, पुढची तीन वर्षं तरी ते कागदावरच होतं. तिकडे आर्मेनियाचे पंतप्रधान पाशिन्यान २०२५ च्या जूनमध्ये इस्तंबूलला जाऊन आले आणि घरी सांगतात की ऐतिहासिक आर्मेनिया विसरा, आहे तो आर्मेनिया सांभाळा. ग्लेनडेलमध्ये हे कोणाला रुचत नाही. पण सीमेची किल्ली ग्लेनडेलमध्ये नाही, अंकारात आहे, आणि अंकारा ती फिरवण्याआधी बाकूकडे बघतं.