दिवाळीनंतरचं डिटॉक्स : पोटाला झाडूने झोडपू नका

ताई, तुम्ही तीन गोष्टी विचारल्यात. दिवाळीचा फराळ अंगावर आलाय, तर सात दिवस नुसत्या ज्यूसवर राहिलं तर चालेल का? ती ‘लिव्हर साफ करणारी’ पावडर घ्यावी का? आणि सासऱ्यांना शुगर आहे, त्यांनाही सोबत करायचंय, तर काय? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर सर्वात महत्त्वाचं, म्हणून आधी तेच.

सासऱ्यांना उपाशी ठेवू नका. ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल आणि जेवण चुकलं, तर साखर झपकन खाली येते. दरदरून घाम, हातापायाला कंप, बोलण्यात घोळ. रात्री झोपेत झालं तर घरच्यांना कळतही नाही. बरं, फळांचा ज्यूस दिला की साखर उलटी चढते, म्हणजे दोन्हीकडून मार. त्यांच्यासाठी बदल एवढाच करायचा, फराळाचे डबे कपाटात वर सरकवायचे आणि त्यांचं रोजचं जेवण ठरल्या वेळेला द्यायचं. गोळ्यांत काहीही बदल डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. गरोदर बाई, किडनीचा त्रास असलेले, बीपीसाठी लघवीची गोळी घेणारे, यांनाही हेच लागू.

आता पावडर. हा माझ्या अंगावर काढलेला अनुभव आहे, म्हणून जरा सविस्तर सांगते. सातेक वर्षांपूर्वी ओळखीच्या बाईंकडून मी असंच एक पाकीट घेतलं होतं. रोज पहाटे उपाशीपोटी दोन चमचे, वर दिवसभर दुधीचा रस आणि लिंबूपाणी. पहिल्या दिवशी पाच वेळा, दुसऱ्या दिवशी सात वेळा. बाई म्हणाल्या, “घाण निघतेय, चांगलंच आहे.” तिसऱ्या दिवशी सवयीने आमच्या नाशिकच्या गोल्फ क्लबच्या ट्रॅकवर फिरायला गेले. दुसऱ्या फेरीला डोळ्यांपुढे काजवे चमकले आणि कठड्यावर बसकण मारली. एका आजोबांनी पिशवीतून ग्लुकोजचा पुडा काढला, बाटलीत घोळून पाजला, तेव्हा उठता आलं. घरी येऊन चष्मा लावून पाकिटामागची बारीक अक्षरं वाचली. पहिलंच नाव सोनामुखी. म्हणजे सरळसरळ जुलाबाचं औषध. काट्यावर अडीच किलो कमी दिसले होते, आठवड्यात सगळे परत आले. येणारच. शरीरात साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत (म्हणजे साठवणीतल्या साखरेसोबत) साधारण तीन ग्रॅम पाणी असतं. दोन दिवस खाल्लं नाही की ते पाणी जातं, चरबी जिथल्या तिथे.

‘घाण’ या शब्दावरच माझा राग आहे. आपल्या किडन्या दिवसाला सुमारे 180 लिटर द्रव गाळतात आणि त्यातून दीड-दोन लिटर लघवी तयार होते. लिव्हर रात्रंदिवस राबत असतं. हे खातं कधी बंद नसतं. आपण वरून टाकायचं थोडं कमी केलं, वेळेवर झोपलो, की त्यांना उसंत मिळते. घरच्या घरी करण्यासारखं डिटॉक्स एवढंच. पायाला चिकटवून सकाळी काळी पडणारी पट्टी, ऑलिव्ह तेल आणि लिंबाचा रस पिऊन ‘पित्ताचे खडे’ पाडणं, यात पैसे घालवू नका. ते हिरवे गोळे म्हणजे पोटात तयार झालेला साबण असतो. आणि व्हॉट्सॲपवर ‘उपवासाला नोबेल मिळालं’ म्हणून जे फिरतं, ते जपानी शास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांचं 2016 चं नोबेल, पेशी स्वतःचेच निकामी भाग मोडून पुन्हा कसे वापरतात यासाठीचं. त्यांचा शोध मोठाच आहे, पण तो त्यांनी लावला यीस्टच्या पेशींत. त्यात आपल्या एकादशीचा हिशेब नाही. तसंही आपली एकादशी म्हणजे साबुदाणा, शेंगदाणे, तूप आणि बटाटा. त्यानंतर डिटॉक्स लागतं, आधी नाही!

दुधीचा रस घेणारच असाल तर एक नियम पाळा. किसण्याआधी छोटा तुकडा जिभेला लावून बघा. कडू लागला तर अख्खा दुधी फेकून द्या, मीठ-लिंबू घालून ‘चालवून’ घेऊ नका. त्यातल्या कुकुर्बिटासिन या कडू विषाने रक्ताच्या उलट्या होऊन लोक दवाखान्यात दाखल झालेत, दगावलेतही. पालकाचे ग्लासच्या ग्लास रिचवणाऱ्यांपैकी ज्यांना मुतखड्याचा त्रास आहे, त्यांनीही थांबावं, त्यात खडे बनवणारं ऑक्झॅलेट भरपूर असतं. गुळवेलही जपून. 2021 मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेल्या काही रुग्णांची नोंद केली होती. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. तो वाद त्यांचा त्यांना लखलाभ, पण मी महिनोन्‌महिने काढे उकळत बसणं सोडलं.

मग करायचं काय? मी दरवर्षी भाऊबीज झाली की पाच दिवस जे करते, ते सांगते. कल्पना पंचकर्मातूनच उचललेली आहे, पण त्यातल्या वमन-विरेचनातून, म्हणजे औषधाने उलट्या-जुलाब करवण्यातून, नाही. ते वैद्याच्या देखरेखीखालीच व्हायला हवं, शरदात विरेचन सांगितलंय म्हणून घरी एरंडेल पिऊन बसायचं नसतं. मी उचलला तो नंतरचा भाग, संसर्जन क्रम. शुद्धी झाल्यावर लगेच पोळी-भाजी देत नाहीत. आधी पेया (पातळ पेज), मग विलेपी (घट्ट पेज), मग यूष (कढण), असं करत तीन, पाच किंवा सात दिवसांत माणसाला रोजच्या जेवणावर आणतात. लोक हजारो रुपये देऊन पंचकर्म करतात आणि हाच भाग विसरून त्या रविवारी मिसळीवर ताव मारायला जातात. मला तर वाटतं, आपल्यासारख्या धडधाकट माणसाला जुलाबाशिवायचा हा उत्तरार्धच पुरेसा आहे.

माझं रात्रीचं जेवण पाच दिवस साडेसातच्या आत, आणि तेवढंच हलकं. दुपारी नेहमीचं, पोळी, भाजी, वरण, कोशिंबीर. उपाशी कधीच नाही.

पहिल्या दोन रात्री पेज. आपल्याकडे इगतपुरीचा इंद्रायणी मिळतो, चिकट असतो म्हणून पेजेला झकास. मूठभर तांदूळ न धुता कोरडे कढईत घ्यायचे, मंद आचेवर परतायचे. आधी नुसता खुळखुळाट असतो, मग एकेक दाणा टचकन उडायला लागतो आणि लाह्यांसारखा वास सुटतो. तिथे गॅस बंद. जाडसर भरडून दहा पट पाण्यात शिजत ठेवायचे, चिमूटभर जिरं, आल्याचा तुकडा ठेचून. पळीतून ओतली की धार पडली पाहिजे, गोळा नाही. वरून अर्धा चमचा तूप. तुपाला घाबरू नका, नाहीतर नऊ वाजता फ्रिज उघडून उभ्या राहाल.

तिसऱ्या रात्री तीच पेज घट्ट करायची, मऊ भातासारखी. चौथ्या-पाचव्या रात्री मुगाचं कढण. हिरवे मूग सकाळी भिजवून, संध्याकाळी आठ पट पाण्यात गाळ शिजवून डावाने घोटायचे, तूप-जिऱ्याची फोडणी, कढीपत्ता, लिंबू. सैंधव घालायला हरकत नाही, पण तेही मीठच बरं का, दिवसाला सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे एक सपाट चमचा. लोणचं, पापड आणि चिवडा त्यातच मोजायचे.

दुपारी पातळ ताक, जिरेपूड घालून. सकाळी एक आवळा, आत्ता गंगेवरच्या, म्हणजे गोदाकाठच्या, बुधवारच्या बाजारात ताजे यायला लागलेत. पेरू सालासकट. पाणी तहानेला. चार-चार लिटर ढोसायचं नाही, रक्तातलं सोडियम उतरतं.

चहाचं मात्र नीट ऐका. डिटॉक्सच्या दुसऱ्या दिवशी डोकं ठणकतं आणि लोक म्हणतात, बघा, विषं बाहेर पडताहेत. अहो, पाच कप चहाची सवय एका दिवसात तोडली की डोकं दुखणारच, कॅफीन आहे त्यात. पहिल्या दिवशी चार कप, मग तीन, असं उतरा. मी दोनवर थांबते, त्याच्या खाली जाऊन घरातलं वातावरण बिघडवण्यात अर्थ नाही.

पोट साफ होत नसेल तर रात्री अर्धा चमचा त्रिफळा कोमट पाण्यातून, तोही पाच दिवसच. गरोदरपणात नाही. जुलाब सुरू झाले की बंद.

हे करायचं तर लवकर करा. कार्तिक सरला की हेमंत लागतो, निफाडचा पारा रोज पेपरात येतो, आणि त्या थंडीत भूक सणकून लागते. आयुर्वेदही हेच म्हणतो, हेमंतात अग्नी प्रबळ असतो, त्याला अन्न मिळालं नाही तर तो शरीराचेच धातू, म्हणजे रस-रक्त-मांस, पचवतो. जानेवारीत ‘नवीन वर्षाचं डिटॉक्स’ म्हणून थंडगार स्मूदी पिणाऱ्यांना मला हे नेहमी सांगावंसं वाटतं, पण कोण ऐकतंय. तेव्हा बाजरीची भाकरी, तीळ आणि लोणी खा.

पाच दिवसांनी काट्यावर फारसं काही दिसणार नाही. मला फरक कळतो तो अंगठीवरून, सुजलेलं बोट उतरतं आणि ती फिरायला लागते. सकाळी जिभेवरचा पांढरा थरही कमी होतो. उलट चक्कर, उलट्या, काळी शौच किंवा डोळे पिवळे दिसले, तर पेजेची वाट बघू नका, त्याच दिवशी डॉक्टर गाठा.

आणि उरलेल्या फराळाचं म्हणाल तर शेव-चिवडा टिकतो, लाडूही टिकतात. चकल्या मात्र आधी वाटून टाका, खवट झाल्या की कोणी घेत नाही आणि मग आपणच संपवतो.