मधुमेहामुळे तळपायांची आग होते आणि डॉक्टरांनी डिप्रेशनची गोळी लिहून दिली आहे. घ्यावी का?

ताई, तुम्ही लिहिलंय की रात्री चादर लागली तरी तळपाय भगभगतात. डॉक्टरांनी अमिट्रिप्टिलीन १० मिलिग्रॅम रात्री एक अशी लिहून दिली. घरी येऊन मोबाइलवर नाव टाकलं तर डिप्रेशनचं औषध निघालं, आणि आठ दिवस झाले पट्टी पर्समध्ये तशीच आहे. घरात कुणाला सांगितलेलं नाही. 'डॉक्टरांना माझं दुखणं मनाचं वाटतंय का?' हे तुमचं वाक्य वाचून मला राहवलं नाही. मीही माझी पट्टी अकरा दिवस न उघडता ठेवली होती, याच विचाराने.

मी डॉक्टर नाही. सिंहगड रस्त्याला राहते, एका सहकारी बँकेत कॅश काउंटरला होते, गेल्या वर्षी निवृत्त झाले. ही गोळी मी चौदा महिने घेतली. मला तुमच्यासारखा मधुमेह नाही, माझं दुखणं नागिणीनंतरचं. पण दोन्हीचं मूळ नसांमध्ये आहे आणि औषधही एकच.

चोपन्नाव्या वर्षी, पालख्या पुण्यातून पुढे गेल्या त्याच आठवड्यात, मला डाव्या बाजूला पाठीच्या कण्यापासून छातीखालपर्यंत फोडांचा पट्टा उठला. शेजारच्या काकूंनी बघताक्षणी नागीण ओळखली आणि गेरू लावून दिला. नागिणीची दोन्ही टोकं जुळली की माणूस जातो, हे मी लहानपणापासून ऐकलेलं, त्यामुळे रोज आरशात पट्टा कुठवर आला ते बघत होते. त्यात चार दिवस गेले. नंतर कळलं की लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणूच नसांच्या मुळाशी वर्षानुवर्षं झोपून राहतो आणि पुढे कधीतरी एखाद्या नसेवरून बाहेर येतो. म्हणून पट्टा एकाच बाजूला असतो. फोड उठल्यापासून ७२ तासांच्या आत विषाणूविरोधी औषध सुरू झालं तर त्याचा सगळ्यात जास्त उपयोग होतो. मी पाचव्या दिवशी गेले. हे वाचणाऱ्या कुणाच्याही घरी असा पट्टा दिसला तर कृपा करून त्याच दिवशी डॉक्टरकडे जा.

फोड तीन आठवड्यांत सुकले, दुखणं मात्र तिथेच राहिलं. वरून कातडी चांगली, आत कुणी तापलेली सळई फिरवतंय असं. मधूनच करंट लागल्यासारखी सणक यायची. सगळ्यात वाईट म्हणजे हलका स्पर्श. हात दाबून धरला तर चालायचं, पण पदर नुसता सरकला, पंख्याचं वारं लागलं की जीव जायचा. आईची एक जुनी नऊवारी होती, धुऊन धुऊन अगदी लोण्यासारखी झालेली. त्या जुनेराच्या घड्या करून मी ब्लाऊजच्या आतून लावायचे. काउंटरवर बसताना डावं कोपर अंगापासून वीतभर लांब धरून बसायचे, दिवसभर, पक्ष्याने पंख उचलून धरावा तसं. संध्याकाळी खांदा वेगळा दुखायचा. साध्या वेदनाशामक गोळ्यांनी काडीचा फरक पडला नाही.

तीन महिन्यांनी मेंदूविकारतज्ज्ञांकडे गेले. पहिल्या भेटीत त्यांनी तपासलं, ही गोळी लिहिली, 'रात्री घ्या, महिन्याने या' म्हणाले. का दिली ते सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. मेडिकलमधल्या मुलाने चार गिऱ्हाइकांसमोर 'डिप्रेशनची ना, दहाची?' असं विचारलं. घरी सासूबाईंच्या हातात ती पट्टी पडली. पुण्यात येरवडा म्हटलं की तिथलं मनोरुग्णालय डोळ्यांपुढे येतं. त्या घाबरूनच म्हणाल्या, 'अगं, येरवड्याची गोळी का दिली तुला?' त्या रात्री मी खूप रडले. तीन महिने आपण दुखतंय दुखतंय म्हणून सांगतोय आणि समोरच्याला ते खरंच वाटत नाहीये, असं वाटलं.

बाराव्या दिवशी मी परत गेले आणि सरळ विचारलं, 'डॉक्टर, मी वेडी आहे असं तुम्हाला वाटतं का?' त्यांनी पेन खाली ठेवलं. मग माझ्याच प्रिस्क्रिप्शनच्या मागच्या कोऱ्या बाजूला तीन गोल काढले: कातडी, मज्जारज्जू, मेंदू. खालून वर जाणारी रेघ काढली, ती वेदनेची. मग मेंदूकडून खाली मज्जारज्जूपर्यंत येणारी दुसरी रेघ काढली आणि म्हणाले, 'ही कुणी सांगत नाही. मेंदूही खाली निरोप पाठवत असतो, की पुरे, आवाज कमी करा.' हे निरोप नॉरॲड्रेनालिन आणि सेरोटोनिन या रसायनांतून जातात. ही गोळी ती रसायनं मज्जारज्जूत जास्त वेळ टिकवते. शिवाय बिघडलेल्या नसेतून जे खोटे सिग्नल फुटत असतात, तेही थोडे दाबते. तुमच्या पायांतल्या बारीक नसा वाढलेल्या साखरेने खराब झाल्या आहेत, माझी नस विषाणूने. खराब झालेली नस काही लागलेलं नसतानाही 'भाजलं, भाजलं' म्हणून ओरडत राहते. तो कागद मी अजून जपून ठेवला आहे.

डोसचा फरकही तेव्हाच कळला. डिप्रेशनसाठी हे औषध साधारण ७५ ते १५० मिलिग्रॅमपर्यंत देतात. नसांच्या दुखण्याला १० पासून सुरुवात करतात आणि पुष्कळांचं २५-५० मध्ये भागतं. म्हणजे तुमची १० ची गोळी डिप्रेशनवर द्यायची म्हटली तर फारच तोकडी पडेल.

माझा भाचा औषधशास्त्रात एम.डी. करतो. त्याने दोन जुने अभ्यास समजावून सांगितले आणि माझी उरलेली शंका गेली. १९८२ मध्ये कॅनडातल्या वॉटसन नावाच्या डॉक्टरांनी नागिणीनंतर दुखणं राहिलेल्या २४ जणांना काही आठवडे हे औषध आणि काही आठवडे औषध नसलेली खोटी गोळी देऊन पाहिली. औषधाने १६ जणांना चांगला आराम पडला, आणि बहुतेकांच्या मनःस्थितीत काही बदल झाला नव्हता. १९८७ मध्ये अमेरिकेत मॅक्स यांच्या गटाने तुमच्याच दुखण्यावर, मधुमेहाच्या नसांच्या वेदनेवर, तसंच करून पाहिलं. मन उदास असलेल्यांना आणि नसलेल्यांना, दोघांनाही फरक पडला. त्या अभ्यासांतले डोस आपल्यापेक्षा जास्त होते, हेही सांगते. पण औषध वेदनेवर स्वतंत्रपणे काम करतं हे त्यातून दिसतं. १९६१ पासून ही गोळी वापरात आहे. डिप्रेशनवर आधी आली म्हणून नाव त्याचं पडलं. माझे दीर हार्ट अॅटॅकनंतर रोज ॲस्पिरिन घेतात, ती मुळात ताप-डोकेदुखीची गोळी. त्यांना कुणी विचारत नाही की तुमचं डोकं दुखतं का म्हणून. आणि कुणाला खरंच डिप्रेशन असेल आणि त्यासाठी गोळी लागत असेल, तर त्यातही लाजण्यासारखं काय आहे? हे मला सासूबाईंना तेव्हाच सांगायला हवं होतं.

आता प्रत्यक्ष घेतल्यावर काय झालं ते.

पहिल्या रात्री साडेदहाला घेतली आणि सकाळी उठवेना. डोकं कापूस भरल्यासारखं. काउंटरवर एका गड्डीत दोनदा मोजणी चुकली. तीन दिवस असंच गेल्यावर डॉक्टरांना फोन केला, तर ते म्हणाले रात्री आठला घ्या. तेवढ्याने सकाळची गुंगी निम्मी झाली आणि दोन आठवड्यांत जवळजवळ गेली. पहिले काही दिवस गाडी चालवू नका, स्कूटरसुद्धा.

तोंडाला कोरड मात्र शेवटपर्यंत राहिली. गिऱ्हाइकाशी बोलताना जीभ टाळूला चिकटायची. मी पाण्याची बाटली आणि बडीशेप जवळ ठेवायचे. तुम्हाला मधुमेह आहे, खडीसाखर चघळू नका. आणि कोरडीमुळे दात लवकर किडतात, तिकडे लक्ष ठेवा. शौचाला खडा व्हायला लागला म्हणून रात्री इसबगोल आणि रोज पपई सुरू केली. वजन चौदा महिन्यांत चार किलो वाढलं. भूक वाढते, विशेषतः गोडाची. तुमच्या बाबतीत हे साखरेशी जोडलेलं आहे, म्हणून वजन आणि साखर दोन्ही लिहून ठेवा आणि वाढायला लागलं तर लगेच सांगा.

आराम केव्हा पडला? आधी झोप सुधारली, पहिल्याच आठवड्यात. दुखणं तसंच होतं, पण रात्रीतून पाच वेळा जाग यायची ती एकदा यायला लागली. वेदनेत फरक तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात आला, तोही असा हळू की माझ्या लक्षात आलाच नाही. एका दुपारी पासबुक छापून देताना खाली बघितलं तर डावं कोपर टेबलावर टेकलेलं होतं, अंगाला लागून. कधी टेकलं मला आठवेना. मी तशीच बसून राहिले, हलवायची भीती वाटली. पुढे डोस १० चा २० आणि मग २५ झाला. पूर्ण बरं कधीच वाटलं नाही. दहापैकी आठ दुखत होतं ते तीनवर आलं. पण तीन घेऊन माणूस स्वयंपाक करतो, नोकरी करतो, नातवाला मांडीवर घेतो. पुढच्या वर्षी मी फर्ग्युसन रस्त्यावर पालखीच्या गर्दीत उभी होते, लोकांचे धक्के लागत होते.

सगळ्यांना असा गुण येईलच असं नाही. माझ्या जावेला हीच गोळी अर्धशिशीसाठी दिली होती. तिचं डोकं दुखायचं कमी झालं, पण छातीत धडधड व्हायला लागली आणि वजन झपाट्याने वाढलं, म्हणून डॉक्टरांनी दुसरं औषध दिलं. त्यात तिचं काही चुकलं नाही आणि गोळीचंही नाही. अमिट्रिप्टिलीन सोसली नाही तर तिच्याच कुळातली नॉरट्रिप्टिलीन आहे, गुंगी आणि कोरड जरा कमी. मधुमेहाच्या नसांसाठी ड्युलोक्सेटिन, प्रेगाबालिन, गाबापेंटिन हेही देतात. चार ते सहा आठवडे नीट घेऊन फरक नाही पडला तर गप्प सोडून देऊ नका, जाऊन सांगा.

सुरू करण्याआधी डॉक्टरांना या गोष्टी नक्की सांगा, त्यांनी विचारलं नाही तरी. डोळ्यांत काचबिंदू आहे का. हृदयाचा काही त्रास, ठोके अनियमित होणं, आधीचा अॅटॅक; माझा त्यांनी आधी ईसीजी काढला होता. लघवी अडखळत होते का. बाकी कुठल्या गोळ्या चालू आहेत, सगळ्यांची नावं: विशेषतः ट्रामाडॉल असलेली पेनकिलर, दुसरी कुठलीही डिप्रेशनची गोळी, आणि सर्दी-ॲलर्जीची झोप आणणारी गोळी. दारू या गोळीवर नको.

आणि ताई, एक गोष्ट फक्त तुमच्यासाठी. ही गोळी उभं राहताना रक्तदाब खाली आणते. मी एकदा रात्री बाथरूमला जायला झटकन उठले आणि कपाटाचं हँडल धरलं म्हणून वाचले. मधुमेहात हा त्रास आधीच असू शकतो, त्यात तुमचे तळपाय बधिर असतील तर फरशी नीट कळत नाही. रात्री उठताना आधी पलंगाच्या कडेला मिनिटभर पाय सोडून बसा, पॅसेजमधला दिवा चालू ठेवा. आणि गोळीने आग कमी झाली तरी पाय रोज बघत जा. दुखत नाही म्हणजे जखम नाही, असं मधुमेहात नसतं. साखर ताब्यात ठेवण्याचं काम ही गोळी करत नाही, तेही चालूच राहू दे.

सवय लागते का, विचारलंत. तंबाखूसारखी तलफ लागत नाही, डोस वाढवत न्यावासा वाटत नाही. पण शरीराला ती सरावते, त्यामुळे एकदम बंद करू नका. मी भाचीच्या लग्नाला रत्नागिरीला गेले आणि पट्टी घरी विसरले. मळमळ, चिडचिड, चार रात्री डोळ्याला डोळा नाही. मला वाटलं नागीण परत आली. शेवटी बंद करायची तेव्हा डॉक्टरांनी २५ ची २०, मग १०, असं दर तीन आठवड्यांनी उतरवत नेलं आणि काहीच त्रास झाला नाही. आता दोन वर्षं झाली. पावसाळी हवेत बरगडीखाली चुरचुरतं, तेवढंच.

घरी सांगा. मी त्या डॉक्टरांच्या चित्राचा कागद सासूबाईंपुढे ठेवला आणि तीन गोल समजावले. त्यांनी चष्मा लावून बराच वेळ बघितला. दुसऱ्या दिवसापासून आठ वाजले की त्याच मला हाक मारायच्या, 'गोळी घेतलीस का गं?' आणखी एक कारण आहे सांगायचं: ही गोळी जास्त प्रमाणात पोटात गेली तर हृदयाला फार धोका असतो, लहान मुलाच्या बाबतीत तर थोड्याच गोळ्यांत. पर्समध्ये नका ठेवू. घरात नातवंडं येत-जात असतील तर वरच्या कप्प्यात, झाकणाच्या डब्यात ठेवा आणि तो डबा कुठे आहे हे घरातल्या मोठ्या माणसांना माहीत असू दे.