सांगलीत सुपरमार्केट किंवा साडीच्या दुकानात काम करणं कसं असतं? बारावीनंतर लागावं का?

तू लिहिलंयस की बारावी झाली, पुढचं ठरेपर्यंत वर्षभर कुठंतरी लागायचंय, विश्रामबागला एका सुपरमार्केटमध्ये आणि कापड पेठेत एका साडीच्या दुकानात विचारून आलीयस, त्यातलं कुठलं बरं, आणि इंग्लिश येत नाही तर चालतंय का. मी दोन्हीकडं काम केलंय. लग्नाआधी साडीचं दुकान, लग्नानंतर बिलिंग काउंटर. आता दोन्ही सोडून घरात शिलाई आणि फॉल-पिको करते, त्यामुळं कुणाची भीड नाही, आहे तसं सांगते.

काम अवघड नसतंय. आठवडाभरात हात बसतो. सगळे भीती घालतात की गिऱ्हाईक डोकं खातं, तसं पण काही नाही, बहुतेक माणसं सामान घेतात पैसे देतात आणि जातात, काहीजण तर जेवलीस का म्हणून विचारतात. खरा त्रास वेगळाच आहे. ज्या गोष्टी आपल्या हातातच नाहीत त्याची बोलणी आपण खायची. भाव वरून ठरतो, ऑफर कंपनी ठरवते, माल गोडाऊनवाला काढतो, नेट कधीपण जातं, आणि गिऱ्हाइकाच्या समोर उभं कोण तर अठरा-वीस वर्षांची पोरगी.

सुपरमार्केटातलं उदाहरण सांगते. तेलाच्या पाउचखाली रॅकला चिठ्ठी लावलेली असते, तिच्यावर ऑफरचा भाव. ऑफर रविवारी संपली. रात्री चिठ्ठ्या बदलायच्या असतात पण रात्री माणूस एकच होता, त्याच्याच्यानं सगळ्या रॅक झाल्या नाहीत. सोमवारी सकाळी बाई चार पाउच घेऊन येते, मी स्कॅन करते, स्क्रीनवर नवा भाव. "अगं तिथं तर कमी लिहिलंय." आता बिलातली आयटम काढायची तर माझ्या लॉगिनला ते होत नाही, सुपरवायझरचा पासवर्ड लागतो, सुपरवायझर मागं गाडी उतरवून घेतोय, मी ओरडून बोलावतेय, मागं सात ट्रॉल्या, त्यातल्या एकीत बारकं पोरगं चॉकलेटसाठी रडतंय आणि ती बाई सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणतेय की तुम्ही मुद्दाम असं करता, आम्ही काय अडाणी आहे का. बाईचं चुकतंय का? नाही. माझं चुकतंय का? माझं पण नाही. पण सॉरी मीच म्हणायचं. सुपरवायझर येऊन दोन सेकंदात जुना भाव मारून देतो आणि बाईकडं बघून हसतो, तो चांगला ठरतो. असलं दिवसाला दोन-चारदा होतंच.

दुसरं म्हणजे ते फोनवरून पैसे देणं. एकदा एक आजोबा, तासगावकडचे असावेत, नातवानं शिकवून पाठवलेले. त्यांच्या फोनवर बरोबरची खूण आली, आमच्या मशीनवर काहीच नाही. पैसे आल्याचं दिसल्याशिवाय सामान सोडायचं नाही असा आमच्याकडं नियम. मी म्हटलं आजोबा थांबा, नाही आले तर तुमच्या खात्यात परत जमा होतील. म्हणाले, "आणि नाही झाले तर तू देणार हायस का?" काय बोलणार, त्यांचं बरोबरच होतं की. अर्धा तास बसवून ठेवलं त्यांना खुर्चीवर. शेवटी आमच्याच एका पोरानं स्वतःचे पैसे घालून त्यांना सोडलं, नंतर आले ते पैसे, पण तेव्हा तर कुणालाच माहीत नव्हतं ना.

आणि रात्रीचा हिशोब. काउंटर बंद केला की गल्ला मोजून सिस्टीमशी जुळवायचा. जास्त आले तर कंपनीचे, कमी पडले तर आपले, हा अलिखित नियम बऱ्याच ठिकाणी आहे. पगारातून कापतात. कायद्यात असं सरसकट कापता येत नाही, तुझ्या हलगर्जीपणानं नुकसान झालं पाहिजे आणि कापायच्या आधी तुझं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे, पण हे तिथं कोण सांगतंय. म्हणून काउंटरवर बसताना (बसताना म्हणजे उभं राहताना) सुरुवातीची कॅश स्वतः मोजल्याशिवाय सही करू नकोस. आधीच्या शिफ्टवाली मैत्रीण असली तरी.

उभं राहण्यावरनं आठवलं. याबद्दल कुणी आधी सांगत नाही. आठ-नऊ तास उभं. पहिला आठवडा पोटऱ्या दगड होतात, रात्री पाय भिंतीला वर लावून झोपायचं. चांगल्या जाड तळव्याची चप्पल नाहीतर बूट घे, पहिल्या पगाराची वाट बघू नकोस. खुर्ची असते, पण ती गिऱ्हाइकाला. आपण टेकलो की कॅमेऱ्यात दिसतं आणि वरून फोन येतो. केरळनं २०१८ ला आणि तमिळनाडूनं २०२१ ला कायद्यातच घातलं की दुकानातल्या कामगारांना बसायची सोय द्यायलाच पाहिजे. म्हणजे बघ, बसायला मिळावं म्हणून कायदा करावा लागला!

सुपरमार्केटात गर्दी कधी असते ते पण ध्यानात ठेव. एक तारखेपासून दहा तारखेपर्यंत पगारवाल्यांचा किराणा भरायचा असतो, त्यात रविवार आला तर विचारू नकोस. आणि आपल्याकडं कारखान्याचं उसाचं बिल जमा झालं की गावाकडची माणसं गाडी करून येतात, साखर सोडून सगळं नेतात. दिवाळीत तर सुट्टीचं नावच काढायचं नाही. पंचवीस तारखेनंतर जरा निवांत, तेव्हा मग रॅक पुसणं, जवळच्या तारखेचा माल पुढं आणि लांबच्या तारखेचा मागं लावणं, एक्स्पायरी बघणं. मला ते काम आवडायचं खरं, कुणाशी बोलावं लागत नाही. बारकोड स्कॅन झाला नाही की तेरा आकडे हातानं मारायचे, आपल्या इथल्या मालाचे बहुतेक ८९० नं सुरू होतात, पुढचे आकडे वेगवेगळे, पण नेहमीच्या बिस्किटांचे तर बोटांना पाठ झाले होते.

आता साडीचं दुकान. ते वेगळंच जग आहे. तिथं पासवर्ड बिसवर्ड काही नाही, मालक समोर गल्ल्यावर बसलेला, भाव त्याच्या मानेवर. त्यानं मान हलवली की शंभर कमी करायचे. माल दाखवणं हे खरं काम आणि ते शिकायला वेळ लागतो. बस्ता आला की कळतं. बस्ता म्हणजे लग्नाची कापडखरेदी, पंधरा-वीस माणसं, नवरीकडची नवऱ्याकडची, आत्या, मावशी, करवल्या, बारकी पोरं. आधी पाणी, मग चहा. आधी आहेराच्या साड्या काढायच्या का शालू, यावरून त्यांच्यातच बोलाचाली. तू मधी पडायचं नाहीस. पैसे कोण देणारं आहे आणि हो कोण म्हणणारं आहे ही दोन माणसं वेगळी असतात, ती पहिल्या पाच मिनिटांत ओळखायची. माझ्याबरोबर एक वयस्कर काका होते, ते नुसतं बाई कुठल्या साडीला हात लावून परत हात मागं घेतेय ते बघायचे. तीच साडी बाजूला ठेवायचे, काही न बोलता, आणि तासाभरानं सगळ्या साड्यांचा ढीग झाल्यावर तेवढीच वर काढायचे. नव्वद टक्के तीच जायची म्हणायला हरकत नाही.

आणि बस्ता गेल्यावर तो ढीग. दीडशे साड्या उघडलेल्या, प्रत्येकीची मूळ घडीवर घडी यायला पाहिजे, जरीचा पदर आत, काठाला काठ, घडी चुकली तर जरीचा धागा तिथं मोडतो आणि ती साडी मग सेलमध्येच जाते. दोघींनी समोरासमोर धरून घालायची. रात्री नऊला शटर अर्धं खाली आणि आम्ही घड्या घालतोय. मला बुधगावला जायचं असायचं, वडाप (शेअर जीप) मिळेल का नाही हे डोक्यात. घरातल्यांचा पहिला प्रश्न तोच असतो, तुझ्यापण घरात असणार, त्यामुळं रात्री सुटायची वेळ आधी पक्की विचार. "साधारण साडेआठ" असं म्हणाले तर साडेनऊ धर.

तिथं पण आपल्या हातात नसलेल्याची बोलणी आहेतच. साडी धुतल्यावर रंग गेला की बाई मालकाकडं जात नाही, जिनं दाखवली तिच्याकडं येते, चेहरा लक्षात असतो. पण एक फरक आहे. मालक तिथंच असतो. त्याला दिसतं काय झालं ते. सुपरमार्केटात तक्रार ॲपवर जाते, कुठंतरी पुण्या-मुंबईत कुणीतरी वाचतं आणि तिथून मेल येतो की काउंटर नंबर अमुकला समज द्या.

मालक दिसतो याचा फायदा मला २०१९ च्या पुरात कळला. ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाला पाणी ५७ फुटांवर गेलं, कापड पेठ, हरभट रोड, मारुती रोड सगळं पाण्यात. पाणी उतरल्यावर दुकान उघडलं तर खालचे सगळे कप्पे चिखलात. आम्ही कितीतरी दिवस साड्या धुऊन दोऱ्या बांधून वाळवल्या, तो वास अजून नाकात आहे. मग भिजलेल्या मालाचा सेल लागला, सगळ्या गावानं लावला होता. मालकाचं कंबरडं मोडलं होतं पण आमचा त्या महिन्याचा पगार त्यानं दिला, उशिरा दिला पण पूर्ण दिला. सगळे मालक असे असतात असं मी म्हणत नाही. पितृपक्षात धंदा नाही म्हणून पंधरा दिवस पोरींना बिनपगारी घरी बसवणारे पण त्याच पेठेत बघितलेत.

त्यामुळं कुठलं बरं म्हणशील तर कागदावर सुपरमार्केट बरं आणि शिकायला साडीचं दुकान बरं. कागद म्हणजे काय, तर वीस किंवा जास्त माणसं कामाला असली की पीएफ लागू होतो, आणि दहा किंवा जास्त असली आणि पगार महिना २१,००० पर्यंत असला की ईएसआय, म्हणजे कामगारांचा सरकारी आरोग्य विमा. ईएसआयला तुझ्या पगारातले फक्त पाऊण टक्का जातात आणि त्यावर घरच्यांचं पण औषधपाणी होतं, त्यामुळं कापून घेतात म्हणून कुरकुर करू नकोस, उलट कापत नसतील तर विचार. मात्र एक बघ. सुपरमार्केटात लागलीस तरी तुझा पगार सुपरमार्केट देणार का एजन्सी? बरीच पोरं एजन्सीच्या नावावर असतात, टी-शर्ट स्टोअरचा, कागद दुसऱ्याच कुणाचा, मग काही झालं की दोघं एकमेकांकडं बोट दाखवतात. लागतानाच लेटर माग, आणि पीएफचा नंबर आला का ते दुसऱ्या महिन्यात तपास. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकानांच्या कायद्यात आठवड्याची सुट्टी आणि जादा वेळेला दुप्पट पगार लिहिलाय, पण बारक्या दुकानांना तो पूर्ण लागू होत नाही, तिथं मालकाशी तोंडी जे ठरेल तेच.

दिवाळीच्या आधी महिनाभर सगळेच भरती करतात आणि दिवाळी झाली की त्यातले बरेच कमी करतात. तू आत्ता विचारून आलीयस तर सीझनपुरतं आहे का कायम ते सरळ विचार, वाईट वाटून घेत नाहीत.

एक वर्षासाठीच जायचं असेल तर मी म्हणेन सुपरमार्केट, सकाळची शिफ्ट मिळत असेल तर. बाहेरून बी.कॉम. करायचा विचार असेल तर शिफ्टमुळं अभ्यासाला वेळ तरी सापडतो, साडीच्या दुकानात सकाळी दहा ते रात्री कधीपर्यंत याचा नेम नाही.

इंग्लिशचं टेन्शन घेऊ नकोस. स्क्रीनवर असतात तेवढे दहा-बारा शब्द लागतात, ते दोन दिवसांत येतात. साडीच्या दुकानात जाणार असशील तर मात्र थोडं कन्नड शिकून घे. अथणीकडनं, जतच्या पलीकडनं बस्ते येतात आणि त्यांच्या आज्ज्यांना आपण "बन्नी, कूतकोळ्ळी" (या, बसा) एवढं म्हटलं तरी त्या दुसऱ्या दुकानात जात नाहीत. मालकाला हे माहीत असतं, पगार ठरवताना सांगायला विसरू नकोस.