घरातल्या शिलाई मशीनसाठी कलम 126 चं बिल आलं, तर काय करायचं?

प्रश्न : सासऱ्यांनी बांधलेल्या तीन खोल्यांच्या घरात आम्ही चौघं राहतो. पुढच्या खोलीत मी ब्लाउज-ड्रेस शिवते, पिको-फॉल करते. तीन मशिनी आहेत, दाराला छोटा बोर्ड आहे. मीटर घरगुती आहे आणि अजून सासऱ्यांच्याच नावावर आहे. ते आता हयात नाहीत. मध्यंतरी वीज कंपनीचं भरारी पथक आलं, फोटो काढले आणि एका कागदावर माझी सही घेतली. आता विद्युत अधिनियमाच्या कलम 126 खाली (विजेचा अनधिकृत वापर) 31,740 रुपयांचं बिल आलंय, त्याला अकरा दिवस झाले. महिन्याला साधारण 190 युनिट जळतात, फक्त दिवाळीच्या बिलात 311 आले होते. कार्यालयातले एकजण म्हणाले, 'निम्मे भरा, मिटवून टाकू, नाहीतर दोन दिवसांत वीज तोडू.' ओळखीचे एक पुढारी म्हणतात, मंत्र्यांना सांगून दर कमी करून आणतो. मी काय करू?
— एक वाचक भगिनी

उत्तर : ताई, आधी दोन गोष्टी. आज पैसे भरू नका. आणि कार्यालयातून पुढे केलेल्या कुठल्याही कागदावर 'मान्य आहे' म्हणून सही करू नका. बाकीचं सावकाश वाचलंत तरी चालेल, पण हे आठवडाभरात करायचं काम आहे.

पुढाऱ्यांचं आधी सांगते, कारण त्यात तुमचे दिवस वाया जातील. विजेचा दर मंत्री ठरवत नाहीत आणि वीज कंपनीही ठरवत नाही. आपल्या राज्यात हे काम महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाचं आहे. हा आयोग 1999 च्या ऑगस्टमध्ये स्थापन झाला आणि 2003 च्या विद्युत अधिनियमाने त्याच्या अधिकारांना आजचं रूप दिलं. कंपनी आयोगापुढे दरवाढीची याचिका करते, ती प्रसिद्ध करावी लागते, लोकांच्या सूचना-हरकती घेतल्या जातात आणि मग आयोग दर-आदेश काढतो. आयोगाचे सदस्य राज्य सरकार नेमतं, कलम 108 खाली सरकार धोरणाबाबत आयोगाला निर्देशही देऊ शकतं. पण एखाद्याला वीज स्वस्त द्यायची असेल तर कलम 65 प्रमाणे त्या सवलतीचे पैसे सरकारने स्वतःच्या तिजोरीतून, तेही आगाऊ, भरायचे असतात. साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना 2024 पासून मोफत वीज मिळते ती अशीच. तिथे शेतकऱ्याचं बिल सरकार भरतं, म्हणून दर शून्य झाला असं होत नाही. तेव्हा तुमच्या एकटीच्या मीटरचा दर मंत्र्यांच्या चिठ्ठीने बदलण्याची सोय कायद्यात नाही.

हे सांगण्यामागे कारण आहे. दर आयोग ठरवतो म्हटल्यावर कोणता ग्राहक कोणत्या वर्गवारीत बसतो हेही आयोगाचा आदेशच ठरवतो. पथकातल्या अभियंत्याला काय वाटलं, बोर्डावर काय लिहिलंय, याने ते ठरत नाही. आणि तुमच्या बाबतीत त्या आदेशात एक वाक्य आहे, ज्यावर तुमचं सगळं प्रकरण उभं आहे.

दर-आदेशाच्या शेवटी प्रत्येक वर्गवारी कोणाला लागू, याची लांबलचक यादी असते. लोक फक्त पैसे-प्रति-युनिटचा तक्ता बघतात, ही यादी कुणी वाचत नाही. वाणिज्यिक वर्गवारीच्या यादीत 'शिवणकामाची दुकानं' असा शब्दच आहे. हे मी तुमच्यापासून लपवत नाही, कारण सुनावणीत समोरचा अधिकारी नेमकं तेच पान उघडेल. पण त्याच आदेशात घरगुती वर्गवारीच्या यादीत असंही म्हटलेलं असतं की जे ग्राहक आपल्या राहत्या घराच्या एका भागातून व्यवसाय करतात, ज्यांचा वापर महिन्याला 300 युनिटपर्यंत आहे आणि आधीच्या आर्थिक वर्षातला एकूण वापर 3,600 युनिटच्या आत आहे, त्यांना घरगुती दरच लागेल. ही पात्रता दर आर्थिक वर्षाच्या अखेरीस तपासायची. 3,600 च्या वर गेलं तर तिथून पुढे दुसरा दर, आणि तोही ग्राहकाला आधी कळवून. ही तरतूद आयोगाच्या आदेशांत गेली अनेक वर्षं आहे. तुमचं बिल ज्या बारा महिन्यांचं आहे त्या काळात लागू असलेला दर-आदेश काढा आणि त्यातलं ते पान छापून घ्या. आयोगाच्या संकेतस्थळावर सगळे आदेश असतात.

आता तुमचं घर या वाक्यात बसवून बघू. तुम्ही तिथे राहता, चौघांचं कुटुंब आहे, व्यवसाय एका खोलीत आहे. वर्षाचा वापर 2,400 च्या आसपास. म्हणजे 3,600 पासून तुम्ही बऱ्याच लांब आहात. शिलाई मशीनची मोटर साधारण शंभर वॉटची असते. तीन मशिनी रोज सहा तास एकदमच चालल्या असं धरलं तरी दिवसाला पावणेदोन-दोन युनिट होतात. इस्त्रीचे थोडे अधिक. बाकी युनिट तुमच्या फ्रिजचे, पंख्यांचे, टीव्हीचे, मुलांच्या अभ्यासाच्या दिव्याचे आहेत. आणि या सगळ्याला वाणिज्यिक दर लावून तो दुप्पट केलाय. बिल बघून मला राग आला तो यासाठी.

अडचण आहे ती 311 ची. कंपनी म्हणेल, एका महिन्यात 300 ओलांडले, अट मोडली. यावर तुमच्याकडे दोन उत्तरं आहेत. पहिलं तुमच्या कपाटात आहे. ते दिवाळीचं बिल काढा आणि चालू रीडिंगची तारीख व मागच्या रीडिंगची तारीख बघा. सणासुदीत रीडिंग घ्यायला माणूस उशिरा येतो आणि बिल पस्तीस-छत्तीस दिवसांचं होतं. छत्तीस दिवसांत 311 युनिट म्हणजे तीस दिवसांत 259. मी हे गृहीत धरून सांगतेय, तुमच्या बिलावरच्या तारखा वेगळ्या असू शकतात, म्हणून आधी मोजा. दुसरं उत्तर आदेशाच्या भाषेतलं आहे. पात्रता वर्षाच्या अखेरीस तपासायची आणि बदल करायचा तर आधी कळवायचं, असं आयोगाने म्हटलंय. तुम्हाला एकही पत्र आलेलं नाही. मग एका महिन्याच्या अकरा युनिटांवरून वर्षभराचा वापर 'अनधिकृत' कसा ठरतो, हे कंपनीने सांगावं. पहिलं उत्तर हिशेबाचं आहे म्हणून पक्कं. दुसऱ्यावर वाद होऊ शकतो, पण मला त्यात दम वाटतो.

आता कलम 126 कडे. हे कलम अनधिकृत वापरासाठी आहे. मंजूर कारणापेक्षा वेगळ्या कारणासाठी वीज वापरली तर तो अनधिकृत वापर, आणि त्याची आकारणी त्या वर्गवारीच्या दराच्या दुप्पट. कधीपासून हे कळत नसेल तर तपासणीच्या आधीचे जास्तीत जास्त बारा महिने. चोरीचं कलम 135 आहे, ते वेगळं. तुमच्यावर चोरीचा आरोप नाही, तेव्हा पोलीस येतील ही भीती मनातून काढा. तुमचं म्हणणं थोडक्यात असं मांडा : आयोगाच्या आदेशाप्रमाणे घरातल्या या वापराला घरगुती दरच लागतो, म्हणून 'वेगळं कारण' घडलेलंच नाही, म्हणून कलम 126 लागूच होत नाही.

हातात आहे तो तात्पुरत्या आकारणीचा आदेश आहे. त्यावर हरकत नोंदवण्याचा तुम्हाला हक्क आहे, तुमचं ऐकून घेणं अधिकाऱ्यावर बंधनकारक आहे आणि आदेश मिळाल्यापासून तीस दिवसांत त्याने अंतिम आदेश काढायचा आहे. अकरा दिवस गेलेत. हरकत पुढच्या चार-पाच दिवसांत द्या, म्हणजे सुनावणीला वेळ उरेल. मीटर सासऱ्यांच्या नावावर असल्याने अडत नाही. हा आदेश जागेचा ताबा असलेल्या व्यक्तीवर बजावता येतो, तेव्हा हरकतही तीच व्यक्ती, म्हणजे तुम्ही, देऊ शकता. नावबदलाचा अर्ज मात्र यानंतर कराच.

हरकत साध्या मराठीत लिहा. घरात किती खोल्या, कोण राहतं, काम कुठल्या खोलीत चालतं, मशिनी किती, हे खरंखरं लिहा. रेशनकार्डाची प्रत, स्वयंपाकघरासकट सगळ्या खोल्यांचे फोटो, गेल्या दोन वर्षांची बिलं लावा. बिलं हरवली असतील तर कार्यालयात 'सीपीएल', म्हणजे ग्राहकाचा खातेउतारा, मागा, त्यात दर महिन्याचं रीडिंग आणि युनिट असतात. पथकाने सही घेतलेल्या पाहणी अहवालाची प्रत याच अर्जात मागा. त्यात 'दुकान' लिहिलं असेल आणि 'निवासी' लिहिलेलं नसेल, तर अहवाल अपुरा असल्याचं नमूद करा. सही केली म्हणजे गुन्हा कबूल केला असं होत नाही, पथक आलं होतं एवढंच त्या सहीने कळतं. आणि बोर्ड उतरवू नका. त्याचा फोटो त्यांच्याकडे आहेच. आता उतरवलात तर लपवाछपवी केली असं दिसेल, आणि लपवण्यासारखं तुम्ही काहीच केलेलं नाही.

'निम्मे भरा, मिटवू' याबद्दल. माझ्याकडे एक गृहस्थ असेच आले होते. घाबरून पैसे भरले आणि सोबत 'आकारणी मान्य आहे' अशा छापील कागदावर सही केली. महिन्याने अपील करायला निघाले तेव्हा मला त्यांना परत पाठवावं लागलं, कारण संमतीने झालेल्या अंतिम आदेशावर अपील चालत नाही, असं कलम 127 च स्पष्ट सांगतं. फार वाईट वाटलं होतं. त्यांची बाजू तुमच्याइतकीच चांगली होती. तेव्हा काही कारणाने भरायची वेळ आलीच तर 'हरकत राखून भरणा' असं लिहून, त्याची पोच घेऊनच भरा.

दोन दिवसांत वीज तोडण्याची धमकी टिकणारी नाही. थकबाकीसाठी वीज तोडायची तर कलम 56 प्रमाणे पूर्ण पंधरा दिवसांची लेखी नोटीस लागते, आणि तात्पुरती आकारणी ही अजून थकबाकीच नाही. तुमचं नेहमीचं मासिक बिल मात्र वेळेवर भरत राहा, ते थकवलंत तर कंपनीच्या हाती आयतं कारण द्याल.

अंतिम आदेश विरोधात गेला तर तीस दिवसांत अपील. आपल्याकडे ते विद्युत निरीक्षकांकडे जातं, आणि ते राज्य सरकारचे अधिकारी असतात, कंपनीचे नव्हेत. त्यासाठी आकारणीच्या निम्मी रक्कम, आकडा तोच राहिला तर 15,870 रुपये, आधी भरावी लागते. हे जड आहे, म्हणूनच पहिल्या पायरीवरची हरकत जीव ओतून लिहा. ग्राहक आयोगात जाऊ का, असं लोक विचारतात. कलम 126 च्या आकारणीविरुद्ध तिथे तक्रार चालत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2013 मध्ये अनीस अहमद प्रकरणात ठरवलंय. दिवाणी न्यायालयाचं दारही कलम 145 ने बंद आहे. वीज ग्राहक तक्रार निवारण मंचही कलम 126 ची प्रकरणं घेत नाही.

एक शक्यता मात्र लक्षात ठेवा. तुमची हरकत बघून कार्यालय म्हणू शकतं, 'बरं, 126 काढतो, पण तुमची वर्गवारी बदलतो आणि मागच्या दोन वर्षांचा फरक द्या.' दुप्पट आकारणी गेली म्हणून सुटल्यासारखं वाटेल, तरी गप्प बसू नका. आयोगानेच 11 फेब्रुवारी 2003 च्या आदेशात सांगितलंय की अचानक वर्गवारी बदलून मागची वसुली करता येणार नाही, वसुली झाली तर पुढच्या काळाचीच. विद्युत अपील न्यायाधिकरणानेही 2014 मध्ये, केरळच्या एका प्रकरणात, दरातला फरक चूक उघडकीस आल्याच्या तारखेपासूनच घेता येईल असं म्हटलंय. हा वाद मात्र मंचापुढे नेता येतो. घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते, फॉर्म साधा आहे, वकील लागत नाही. मंचाचा निकाल पटला नाही तर साठ दिवसांत विद्युत लोकपालांकडे. त्यांची कार्यालयं मुंबईला आणि नागपूरला आहेत.

आणि पुढची दरयाचिका येईल तेव्हा वर्तमानपत्रातली जाहीर सूचना चुकवू नका. 300 युनिटची ही मर्यादा तुमच्यासारख्या घरी काम करणाऱ्या बायकांना पुरत नसेल, तर ती वाढवून मागण्याची जागा तीच आहे. आयोग सुनावण्या विभागवार घेतो आणि तिथे मराठीत उभं राहून बोलता येतं.

हरकत दोन प्रतींत न्या. दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, तारीख आणि सही घ्या. शिक्का द्यायला कुणी टाळाटाळ केली तर त्याच दिवशी पोस्टात जाऊन स्पीड पोस्टाने पाठवा, आणि ती पावती दिवाळीच्या बिलाला टाचून ठेवा.