रिव्हेट काढायच्या आधी डायल गेज लाव

प्रश्न: काका नमस्कार, मी ओहायोत असतो. मागच्या वर्षी 1969 ची शेव्हरोले कॉर्व्हेट घेतली, 427 घनइंचाच्या इंजिनवाली, 14 वर्षं एका बार्नमध्ये उभी होती. इंजिन सुरू झालं पण चारही ब्रेक रोटर (चाकाबरोबर फिरणाऱ्या ब्रेकच्या तबकड्या) गंजून लाल झालेत. गॅरेजवाला म्हणतो रोटर धरून ठेवणारे रिव्हेट ड्रिल करून काढू आणि चारही नवीन टाकू. मला शक्य तेवढं जुनंच ठेवायचंय. वाचतील का हे रोटर?

उत्तर: अरे थांब, त्याला ड्रिल लावू देऊ नकोस अजून. वरवरच्या लाल गंजावरून काहीच कळत नाही, बीडाचा रोटर आहे, पावसात एक रात्र उभा राहिला तरी लाल होतो.

ते रिव्हेट तिथे का आहेत ते आधी समजून घे. कॉर्व्हेटला 1965 पासून चारही चाकांना डिस्क ब्रेक स्टँडर्ड आले आणि कारखान्यात रोटर पुढे हबवर (चाक ज्यावर बसतं तो मधला भाग), मागे स्पिंडलवर (चाक फिरवणारा दांडा) रिव्हेट करून मग ती जोडी एकत्रच मशीनवर फिरवून कट मारायचे, त्यामुळे हब किंचित तिरका असला तरी रोटर सरळच फिरायचा. नवीन रोटर कितीही चांगला आणलास तरी तो तुझ्या हबवर कापलेला नसतो ना!

आणि या गाडीत ते फार महाग पडतं. कॅलिपरमध्ये (रोटरवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) चार पिस्टन, त्यांना लिप सील (ओठासारखी कड असलेलं रबरी सील). रोटर डुगडुगला की पिस्टन सतत आतबाहेर होतात आणि सीलच्या ओठावरून हवा आत ओढली जाते, गंमत म्हणजे बाहेर ब्रेक ऑइलचा थेंबही येत नाही. मी हे भोगलंय. एका दुकानाने माझ्या गाडीचे रिव्हेट काढून नवीन रोटर बसवून दिले, महिनाभरात पेडल मऊ, ब्लीडिंग (ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढणं) केलं की बरं, दोन आठवड्यांनी परत तेच, मास्टर सिलिंडर (पेडलचा दाब ब्रेकपर्यंत पोचवणारा पंप) बदलून झाला तरी तेच, शेवटी डायल गेज (रोटर किती डुगडुगतो ते मोजणारं काट्याचं यंत्र) लावला तर मागच्या डावीकडे 9 थाऊ (थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग)! कंपनीची मर्यादा 5 आहे, मी तर 2-3 च्या वर सोडतच नाही.

म्हणून आधी मोजायचं. रोटर नवा असताना 1.250 इंच जाड असतो आणि 1.215 च्या खाली गेला की बाद, तिथे भावनेला जागा नाही. मायक्रोमीटरने कडेपासून इंचभर आत, गोल फिरत आठ ठिकाणी माप आणि लिहून ठेव. जाडी जागोजागी वेगळी आली तर पेडल थरथरणार, लोक त्यालाच 'रोटर वाकला' म्हणतात पण बहुतेक वेळा वाकलेलं काही नसतं, जाडीच कमीजास्त झालेली असते. मग डायल गेज, पण त्याआधी बेअरिंगचा प्ले (ढिलेपणा) बघ, नाहीतर बेअरिंगचं पाप रोटरच्या माथी मारशील. आतल्या हवेच्या खाचाही टॉर्च लावून बघ, तिथे गंजाचे पापुद्रे सुटत असतील किंवा पॅड घासतो त्या भागात खोल खड्डे असतील तर तो रोटर सोड.

साफ करताना एक गोष्ट कळकळीने सांगतो, जुन्या पॅडच्या धुळीत ॲस्बेस्टॉस असू शकतं, कॉम्प्रेसरची हवा अजिबात मारू नकोस, ओलं करूनच पूस. मग हलका कट, तोही हबसकट. गाडीवरच लावायची लेथ मिळते ती सगळ्यात उत्तम, पण कट मारल्यावर जाडी 1.215 च्या वर राहतेय ना ते आधी हिशोबाने बघून घे. शेवटी 120 चा पॉलिश पेपर लाकडी ठोकळ्यावर लावून वेड्यावाकड्या दिशेने फिरव आणि साबण नि गरम पाण्याने धू, बारीक चुरा ब्रेक क्लीनरने पूर्ण निघत नाही.

एखादा बदलावाच लागला तर नवीन रोटर पाचही बोल्टवर फिरवून फिरवून कुठे सगळ्यात कमी डुगडुगतो ते शोध, उरलेलं तिरक्या शिमने (मध्ये घालायच्या पातळ चकतीने) काढ. मागच्या रोटरला मात्र हँडब्रेक ॲडजस्ट करायचं भोक स्पिंडलच्या भोकासमोर यावं लागतं, कारण हँडब्रेकचे छोटे शूज त्या रोटरच्या पोटातच असतात, हे विसरून फिट केलंस की सगळं परत खोलावं लागेल.

प्रश्न: काका, माझ्या मुलाने 1969 च्या कॅमारोचे रोटर साफ केलेत, आता म्हणतो पूर्ण रंगवून टाकतो म्हणजे परत गंज नको. चालेल का? – एक वाचक, शिकागो

उत्तर: ताई, पूर्ण नको. बाहेरची कड आणि मधली टोपी, एवढ्यालाच उष्णता सहन करणारा रंग, तोही पातळ. पॅड घासतो तिथे बिलकुल नाही, आणि रोटर हबला किंवा चाक रोटरला जिथे टेकतं तिथेही नाही, रंगाचा जाड थर किंवा ओघळ मध्ये आला की रोटर तिरका बसतो. घासायचा भाग गाडी चालवली की आपोआप चकचकीत राहतो, तेव्हा त्याला म्हणावं दर रविवारी एक चक्कर मार.